पाटा आणि बॅटरी

जुनी गोल्फ कार्ट बाळगणाऱ्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळी गाडी उठत नाही, आणि उठलीच तर अशी आदळते की मागच्या सीटवरच्या आजींना कंबर धरून उतरावे लागते. पहिल्या तक्रारीसाठी मालक बॅटरीवाल्याकडे जातो, दुसरीसाठी स्प्रिंगचे पाटे दुरुस्त करणाऱ्या पाटेवाल्याकडे. दोघेही आपले काम नीट करतात, पैसे दिले जातात, आणि एक पावसाळा उलटला की त्याच दोन तक्रारी पुन्हा दारात येतात. ही पुस्तिका लिहिण्यामागे माझे एकच म्हणणे आहे: या तक्रारी दोन नाहीत. आदळणारी गाडी स्वतःची बॅटरी मारत असते आणि सांडणारी बॅटरी खालचे पाटे खात असते. सीटखाली जे बिघडते त्याचे कारण पुष्कळदा चाकापाशी असते आणि चाकापाशी जे गंजते त्याचे कारण सीटखाली. दोन मिस्त्री दोन टोकांना काम करत राहिले, तर मधला हा धागा कोणाच्याच हाती लागत नाही.

गोल्फ कार्टचा आणि मी जिथून हे लिहितो त्या कोल्हापूरचा काय संबंध, असे कोणी विचारील. भारतात गोल्फ जुनाच आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. पण या मैदानांवर खेळणारे कितीतरी वर्षे पायीच चालत, मागून कॅडी पिशवी घेऊन येई. गाडी आली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतून. ई-झी-गो ही कंपनी १९५४ची, क्लब कार १९५८ची. मोटारसायकलवाल्या हार्ले-डेव्हिडसननेही १९६३पासून काही वर्षे अशा गाड्या बनवल्या. आपल्याकडे मात्र ही गाडी मैदानापेक्षा मैदानाबाहेरच जास्त कामाला लागली. पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात ती लेकुरवाळ्यांना आणि म्हाताऱ्यांना फिरवते, मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर गुडघे दुखणाऱ्यांना डब्यापर्यंत नेते. माथेरानला डिसेंबर २०२२मध्ये माणसाने ओढायच्या रिक्षांऐवजी ई-रिक्षा चालवून पाहिल्या, त्याही याच कुळातल्या. कारखान्यांची आवारे, रिसॉर्ट, मोठी इस्पितळे, मंगल कार्यालये, शेतावरचे बंगले, सगळीकडे ‘बॅटरी गाडी’ किंवा ‘बग्गी’ या नावाने ती ओळखली जाते. त्यातल्या बऱ्याच जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. गाडीबरोबर माहितीचे पुस्तक आलेले नसते, आणि असले तरी ते इंग्रजीत, परदेशी थंड हवा आणि गुळगुळीत हिरवळ गृहीत धरून लिहिलेले असते. आमचा पाऊस, आमचे गतिरोधक, आमचा उन्हाळा त्यात नसतो.

कोल्हापुरातल्या शाहूपुरीत बसून हे लिहावेसे वाटले त्यालाही कारण आहे. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ला सुरू झाली आणि १८९५ला राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनजवळ ही गुळाची पेठ वसवली. माल आला, तसे माल वाहणारे आले. गाड्या आल्या, तशी गाड्या दुरुस्त करणारी माणसे आली. शेजारी शिवाजी उद्यमनगर उभे राहिले, तिथल्या भट्ट्या आणि लेथ यांच्या जोरावर हे गाव ऑइल इंजिनाचे आणि ओतकामाचे गाव झाले. सुटा भाग बाजारात मिळत नसेल तर तो इथे बनवून मिळतो, ही कोल्हापूरची खरी श्रीमंती आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार रस्त्यावर येते तेव्हा गर्दी तिच्या रुबाबाकडे पाहते. मला मात्र दर वेळी वाटते की १९३०च्या दशकातली ही गाडी आजही स्वतःच्या चाकांवर चालत येते, यामागे किती हातांची किती वर्षांची निगा असेल. जुनी गाडी चालती ठेवणे हे या गावात कमीपणाचे काम कधीच नव्हते. पण ऑइल इंजिन आणि ट्रक यांत मुरलेल्या हातांना बॅटरी गाडी थोडी परकी वाटते. तिला सायलेन्सर नाही, धूर नाही, कान लावून ऐकावा असा फायरिंगचा ठोका नाही. ती आजारी पडली की गप्प बसते. म्हणून तिच्या बाबतीत कानापेक्षा मीटरवर भरवसा ठेवावा लागतो, आणि या पुस्तिकेचा बराच भाग मीटर कुठे, कधी आणि कशासाठी लावायचा यातच गेला आहे.

आधी सुरू न होण्याकडे वळू. जुन्या कार्टमध्ये बहुधा ३६ किंवा ४८ व्होल्टची बॅटरी-माळ असते: सहा व्होल्टच्या सहा, आठ व्होल्टच्या सहा, नाहीतर बारा व्होल्टच्या चार. गाडी ४८ची आणि मीटरवर ४८ दिसते, म्हणजे बॅटरी भरलेली, असे मानणारे पुष्कळ आहेत. ते बरोबर नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरून काही तास विसावला की साधारण २.१२ व्होल्ट दाखवतो. ४८च्या माळेत असे २४ सेल, म्हणजे भरलेली माळ ५१च्या जवळ असली पाहिजे; ३६च्या माळेत १८ सेल, म्हणजे ३८च्या थोडे वर. मीटर ४८ दाखवतो तेव्हा माळ निम्म्याहून अधिक रिकामी झालेली असते. अशा अवस्थेत रात्रभर, आठवडाभर, पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सकाळी उठली नाही तर दोष तिचा नाही. अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. ते कोवळे असताना चार्जिंगने विरघळतात, एकदा पिकले की विरघळत नाहीत. बॅटरी आपसूक उतरण्याचा वेग दर दहा अंश सेल्सिअसला सुमारे दुप्पट होतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली महिनाभर उभी केलेली गाडी थंडीत उभी केलेल्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर मरते. सुट्टीवर जाताना गाडी आधी पूर्ण चार्ज करायची आणि मगच कुलूप लावायचे. एवढे पाळले तरी मोठा खर्च टळतो.

संपूर्ण माळेचा आकडा पुरेसा नसतो. सहा बैलांच्या नांगराला एक बैल बसला तर बाकीचे पाच कितीही तगडे असोत, नांगर हलत नाही. माळेतल्या एका बॅटरीचे तसेच आहे. विसाव्यात सहाही बॅटऱ्या सारख्या दिसतात. खरे रूप कळते ते ओझ्याखाली. एकाने गाडी हलक्या चढावर चालवायची, दुसऱ्याने शेजारी बसून एकेका बॅटरीवर मीटर धरायचा. पाच बॅटऱ्या थोड्या-थोड्या खाली येतात आणि सहावी सरळ एक-दीड व्होल्ट कोसळते. ती सापडली की निम्मे निदान झाले. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर त्याहून बारीक सांगतो. भरलेल्या सेलमधल्या आम्लाची घनता १.२६५ ते १.२८०च्या आसपास असते. उष्ण हवेसाठी बनवलेल्या बॅटऱ्यांत ती मुळातच थोडी कमी ठेवतात, म्हणून आकड्यापेक्षा सेल-सेलमधला फरक पाहावा. एकाच बॅटरीत दोन सेलमध्ये ०.०५०हून जास्त फरक पडला, तर तो सेल गेला असे धरायला हरकत नाही. मग प्रश्न येतो, एकच बदलायची की सगळ्या? माळ वर्षा-दीड वर्षाची असेल तर एक बदलावी. चार-पाच वर्षांची असेल तर नवी बॅटरी जुन्यांच्या संगतीत लवकर म्हातारी होते, पैसे वाया जातात. दुकानदार काय सांगतो यापेक्षा बॅटरीवर कोरलेली तारीख काय सांगते ते आधी वाचावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यापायी चांगले चार्जर भंगारात गेलेले आहेत. जुने आपोआप चालणारे चार्जर माळेत काही किमान व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. गाडी पूर्ण उतरलेली असते, चार्जर लावला तर आवाजही करत नाही, आणि सगळे म्हणतात चार्जर जळाला. अशा वेळी साध्या छोट्या चार्जरने एकेक बॅटरी थोडी वर आणावी. मग मोठा चार्जर माळेला ओळखतो.

बॅटरी ठीक आहे आणि तरी गाडी हलत नाही, तेव्हा एक आवाज ऐकावा लागतो. चावी फिरवून पेडल दाबले की सोलेनॉइडचा, म्हणजे माळेची वीज मोटरकडे सोडणाऱ्या जाड स्विचचा, ‘टक्’ येतो का? टक् येत नसेल तर दोष हलक्या वायरिंगमध्ये आहे: चावीचा स्विच, पेडलखालचा मायक्रोस्विच, पुढे-मागेचा स्विच, ‘रन-टो’ बटण, फ्यूज, किंवा चार्जरची पिन लावलेली असताना गाडी न चालू देणारे कुलूप. यातले ‘रन-टो’ बटण तर कोणी तरी धुताना दाबून ठेवलेले असते आणि घरभर शोधाशोध चालते. उंदराने कुरतडलेली वायर हेही इथले नेहमीचे दुखणे. धान्य-गुळाच्या पेठेत उंदीर कमी नसतात आणि सीटखालची ऊब त्यांना आवडते. टक् येतो पण गाडी हलत नाही, तर सोलेनॉइडच्या दोन जाड नटांवर मीटर लावावा. टक् झाल्यावर दोन्ही टोकांमधला फरक जवळजवळ शून्य व्हायला हवा. मोठा आकडा तसाच राहिला तर आतले तांबे जळले आहे. काही मिस्त्री इथे पाना टेकवून सोलेनॉइड ओलांडतात. कृपा करून तसे करू नये. जुन्या, रेझिस्टरवर चालणाऱ्या गाड्या त्या क्षणी उडी मारून समोरच्याच्या अंगावर जातात, आणि पाना चिकटून बसला तर काढणाऱ्याचा हात भाजतो.

टक् येतो, सोलेनॉइडही ठीक, तरीही गाडी मुकी. पण थोडी ढकलली की चालू लागते. मोटरचे कार्बन संपत आले आहेत किंवा कम्युटेटरवर एखादी मृत जागा पडली आहे, याची ही खूण. आर्मेचरचे काम करणारे जाणते हात कोल्हापुरात आहेत, मोटर फेकून देण्याची घाई करू नये.

आणि मग सांधे. जुन्या गाडीच्या दहा तक्रारी आल्या तर मी दहाही वेळा आधी सांधे उघडून पाहीन. चढ चढताना माळेतून २०० अँपिअर सहज वाहतात. केबलच्या टोकाच्या एखाद्या सैल, हिरव्या-पांढऱ्या फुललेल्या लगमध्ये ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध जरी असला, तरी त्या एकाच सांध्यावर दोन व्होल्ट गळतात आणि ४०० वॅट उष्णता तयार होते. केबलचे आवरण विरघळते, शिशाचा टर्मिनल वितळून खाली ओघळतो. गाडीवाला म्हणतो ओढ नाही, बॅटरी बदला. बदलायचा असतो पंचवीस-तीस रुपयांचा लग. गाडी फिरवून आणल्यावर केबलच्या टोकांजवळ हाताची पाठ नुसती जवळ नेली तरी कोणता सांधा तापला आहे ते कळते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुवावेत, कोरडे करावेत, तारेच्या ब्रशने चकाकी आणावी, नट योग्य ताकदीने आवळावा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. सोडा झाकणाच्या भोकातून बॅटरीत जाऊ देऊ नये, तो आतले आम्लही मारतो.

पाण्याबद्दलही इथेच. बॅटरीत घालायचे ते डिस्टिल वॉटर. नळाचे नाही, बोअरचे तर नाहीच, आणि आरओचेही नाही. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी चार्जिंगच्या आधी घालावे, उरलेले चार्जिंग झाल्यावर. आधीच गळ्यापर्यंत भरले तर चार्जिंगमध्ये आम्ल फुगते, बुडबुडते आणि झाकणातून बाहेर येते. ते कुठे जाते, हे या पुस्तिकेतले माझे सर्वांत आवडते प्रकरण आहे, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ला पंचगंगेने आणि जयंती नाल्याने शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत, कुंभार गल्लीत काय केले ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाण्यातून निघालेली बॅटरी गाडी धुऊन, उन्हात ठेवून, दोन दिवसांनी चालू होते आणि मालक सुटलो म्हणतो. ती दोन-तीन महिन्यांनी बंद पडते. कंट्रोलरचे पोट सहसा राळेने बंद केलेले असते, तिथे पाणी शिरत नाही. शिरते ते प्लगमध्ये, मायक्रोस्विचमध्ये, वायरच्या आवरणाखाली, आणि आतून हिरवे होत जाते. पुरातली गाडी चालू करून पाहण्याआधी माळेचा एक केबल सोडवावा, प्रत्येक प्लग उघडून गाळ गोड्या पाण्याने धुवावा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. चाकांचे बेअरिंग आणि मागच्या डिफरन्शियलचे ऑइल त्याच आठवड्यात बदलावे. दुधाळ झालेले ऑइल पाणी शिरल्याचा पुरावा आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या कार्ट इथे थोड्या आहेत, त्यामुळे त्यांचे प्रकरण लहान आहे. त्यांची रीत वेगळी: चावीने इंजिन सुरू होत नाही, पेडल दाबले की पट्ट्यावरचा स्टार्टर-जनरेटर इंजिन फिरवतो, पेडल सोडले की इंजिन बंद. सेल्फ घेत नसेल तर बारा व्होल्टची बॅटरी, सैल पट्टा, सोलेनॉइड आणि पेडलचा स्विच या क्रमाने पाहावे. सेल्फ घेतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा पेट्रोलकडे पाहावे. देशात २०२२मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांवर. आमच्या जिल्ह्याचा ऊस त्यात आहे, त्याचा आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाच्या क्रँककेसमधल्या दाबावर हलणारा रबरी पडदा असतो. तो कडक झाला किंवा फाटला की पेट्रोल वर चढत नाही. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा, आणि पंपाचा पडदा व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात.

आता आदळण्याकडे. इथे सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी आहे आणि तोच कोणी करत नाही. गोल्फ कार्टच्या नेहमीच्या १८ × ८.५०-८ मापाच्या टायरमध्ये साधारण १५ ते २२ पीएसआय हवा लागते. नेमका आकडा टायरच्या अंगावर आणि गाडीच्या पाटीवर असतो. गाडी हवा भरायला नेली की हवा भरणारा पोरगा सवयीने मोटारीइतकी, तिशीच्या वर हवा भरतो. टायर दगड होतो. मैदानासाठी केलेल्या या गाडीत निम्मी मऊ चाल टायरच्या पोटातूनच येते. ती काढून घेतल्यावर पाटे कितीही चांगले असोत, दणका सीटपर्यंत पोहोचतो. हवा मोजून कमी केली आणि तक्रार गेली, तर पुढचे वाचायची गरज नाही.

तक्रार गेली नाही तर गाडीचा एक कोपरा अंगाच्या भाराने दाबून सोडावा. कोपरा खाली जाऊन एकदा वर येऊन थांबला तर ठीक. डोलत राहिला तर शॉकअपमधले तेल गेले. मुळीच दबला नाही, तर काहीतरी अडकले आहे. काय अडकले ते कळायला शॉकअपचा खालचा बोल्ट काढून पुन्हा दाबावे. आता दबतो आहे, म्हणजे शॉकअप जाम. अजूनही दबत नाही, म्हणजे पाटा किंवा त्याचे बुश. पाचेक मिनिटांची ही परीक्षा केल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये.

पाट्यांबद्दल एक गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर मी चार पाने लिहिली आहेत. आदळते म्हणजे पाटा कडक, असे आपण धरतो. उलटही असू शकते. वर्षानुवर्षे भार सोसून पाट्याची कमान बसली, की गाडी खाली येते आणि चॅसिस रबरी ठोकळ्यावर टेकते. मग प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग नव्हे, ठोकळा काम करतो. थकलेला पाटा अशा वेळी कडक पाट्यासारखा वागतो. ठोकळा आणि ॲक्सल यांच्यात माणसे बसल्यावर किती जागा उरते ते आधी पाहावे. जागा नाही आणि पाटा सपाट झाला आहे, तर पाट्याला पुन्हा कमान द्यावी किंवा तो बदलावा. जागा भरपूर आहे आणि तरी आदळते, तर पाटा खरोखरच गाडीला जड आहे. मागे जादा सीट बसवताना कोणी ‘एक पाटा वाढवून द्या’ म्हटलेले असते. सहा माणसे बसली की चाल ठीक, एकटा माळी चालवू लागला की दातावर दात. गाडी रोज कोणता भार वाहते ते ठरवून पाटे ठेवावेत, वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्हे.

गंजलेल्या पाट्यांची गोष्ट निराळी. पाटे एकमेकांवर सरकले तरच वाकतात. मध्ये गंज धरला की सगळे मिळून एकच जाड पट्टी होते. ते सोडवून, घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून बांधले की फरक पहिल्याच गतिरोधकावर कळतो. सेंटर बोल्ट त्याच वेळी नवा घालावा. आणि बांधताना एक शिस्त हवी: शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीचे, बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. तेव्हा पाटा लोंबत असतो. त्या स्थितीत रबरी बुश पकडले गेले तर गाडी चाकांवर उतरताच ते पिळले जातात, चाल कडक होते आणि बुश लवकर फाटतात. गाडी जमिनीवर, भार चाकांवर, मगच शेवटचा पीळ. उद्यमनगरातल्या जाणत्या पाटेवाल्याला हे सांगावे लागत नाही. कमी वेळात जास्त गाड्या काढणाऱ्याला सांगावे लागते.

आता ते आवडते प्रकरण. सहा व्होल्टची एक बॅटरी साधारण २८ किलोची, सहांचे मिळून पावणेदोनशे किलोच्या जवळ. हे सगळे वजन बहुतेक गाड्यांत सीटखाली असते, मागच्या पाट्यांच्या डोक्यावर. जास्त पाणी घातलेल्या बॅटरीतून आम्ल उसळते, ट्रेमधून खाली गळते, आणि थेंब पडतात ते चॅसिसवर, शॅकलवर, पाट्यांच्या सांध्यांवर. लोखंडी चॅसिसच्या गाड्यांत हा गंज आतून पोखरतो; क्लब कारची चौकट ॲल्युमिनियमची असल्याने ती तग धरते, पण तिचेही पाटे लोखंडाचेच. शॅकल गंजून पकडला की चाल कडक होते. कडक चालीचा प्रत्येक दणका उलट प्रवास करत बॅटरीत जातो. प्लेटांवरचा मसाला सुटून तळाशी साचतो, एखाद्या दिवशी दोन प्लेटांना जोडून सेल मारतो. बॅटरी धरणारी पट्टी सैल असेल तर बॅटऱ्या ट्रेमध्ये नाचतात, केबल टर्मिनलला ओढतात, नट ढिला होतो, सांधा तापतो. सकाळी गाडी उठत नाही. मालक नवी बॅटरी आणतो, जुन्याच गंजलेल्या पाट्यांवर ठेवतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

लिथियममुळे या फेऱ्याला नवे वळण मिळाले आहे. शिशाची माळ काढून लिथियमचा डबा बसवला की मागच्या पाट्यांवरून शंभर किलोहून जास्त वजन एका दिवसात उतरते. गाडी पळते छान, चढ सहज चढते. आणि मालक म्हणतो, बॅटरी बदलल्यापासून आदळायला लागली. दोष बॅटरीचा नाही, तेच पाटे आता त्या हलक्या गाडीला जड झाले आहेत. एक पाटा कमी करून किंवा मऊ पाटे घालून हे मिटते. लिथियमसाठी चार्जरही बदलावा लागतो, शिशाचा जुना चार्जर त्याला चालत नाही. डबा मात्र उघडू नये. त्याच्या आतले काम या पुस्तिकेच्या बाहेर ठेवले आहे. ब्रेक आणि स्टीअरिंगही इथे नाहीत. ते वेगळ्या, याहून मोठ्या पुस्तकाचे विषय आहेत.

कामाला हात घालण्यापूर्वी अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. पान्याला इन्शुलेशन टेप गुंडाळावी. चार्जिंग होत असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो. सीट उचलून ठेवूनच चार्जिंग करावे, शेडची खिडकी उघडी ठेवावी आणि तिथे कोणालाही विडी ओढू देऊ नये. डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी पाण्याची बादली असावी.

पहिले प्रकरण हवेचे आहे, बॅटरीचे नाही, याचे काहींना नवल वाटेल. पहिल्या दिवशी प्रेशर गेज आणि मल्टिमीटर घेऊन चारही टायरची हवा व सहाही बॅटऱ्यांचे व्होल्टेज मोजावे, आणि तारखेसह सीटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावे. महिन्याने त्याच्याखाली दुसरी ओळ लिहावी. कोणती बॅटरी इतरांच्या मागे पडते आहे आणि कोणत्या बाजूच्या टायरची हवा उतरते आहे, हे तिसऱ्या ओळीपर्यंत दिसू लागते. पुढची प्रकरणे त्या ओळी समोर ठेवून वाचावीत.